कॅनन ७०-२०० एफ/४ एल आयएस जुनं व्हर्जन: फक्त पॅनिंगसाठी घेतली, आठ महिन्यांनी लिहितोय

आठ महिने झाले ही लेन्स वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. कॅनन ईएफ ७०-२०० एफ/४ एल आयएस (आयएस म्हणजे हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर), म्हणजे २००६ ला आलेली, २०१८ ला जी दुसरी आली ती नव्हे. सेकंडहँड घेतली, ३८ हजारात, आपल्या सोलापुरातल्याच एका लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडून, त्यांनी सगळं काम मिररलेसवर नेलं म्हणून जुनं सामान काढलं होतं. कॅमेरा बॉडी माझी कॅनन ८०डी. आणि घेतली ती एकाच कामासाठी, पॅनिंग, म्हणजे पळत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढणं. गाडी टकाटक शार्प आणि मागचं सगळं पाण्यासारखं वाहून गेलेलं, तो फोटो. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून रेसच्या गाड्यांचे तसले फोटो बघत आलोय आणि मला ते स्वतः काढायचे होते, बाकी पोर्ट्रेट, पक्षी, लग्न यासाठी ही लेन्स कशी आहे ते मी सांगणार नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

घेताना विकणारेच म्हणाले, "मालक, रेसच्या गाड्यांना ही कशाला घेताय, २.८ घ्या की, थोडे पैसे घाला." ते मनापासून सांगत होते आणि लग्नाच्या हॉलमध्ये त्यांचं बरोबरच आहे. पण पॅनिंगला २.८, म्हणजे जास्त उघडणारी, जास्त उजेड घेणारी लेन्स, लागतच नाही हो. का ते सांगतो. पॅनिंग म्हणजे शटर मुद्दाम हळू ठेवायचं, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात, म्हणजे खरंतर कुठल्याही लख्ख उन्हात, आयएसओ १०० आणि शटर १/१२५ सेकंद ठेवलं की ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, जातं एफ/१६ ला (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). १/६० केलं की एफ/२२. मग लेन्स २.८ पर्यंत उघडते का ४ पर्यंत याला दिवसा काय अर्थ राहिला? तुम्ही ते उघडणारच नाही. २.८ वाली आयएस २ आहे १४९० ग्रॅमची, ही ७६० ग्रॅमची, म्हणजे जवळपास निम्मी, आणि दिवसभरात चारशे-पाचशे वेळा तीच कंबर डावीकडून उजवीकडं फिरवायची असेल तर दुपारी तीन वाजता हे वजन कळतं. सकाळी दहाला सगळ्याच लेन्स हलक्या असतात.

आता हिच्यात मुख्य काय आहे तर बाजूला असलेलं एक छोटं स्विच, स्टॅबिलायझर मोड १ आणि २. मोड १ मध्ये लेन्स सगळ्या बाजूंचा हात हलणं थोपवते. ते उभ्या वस्तूला ठीक, पण तुम्ही गाडीबरोबर कॅमेरा फिरवताय तेव्हा लेन्सला वाटतं हा माणूस हलतोय आणि ती त्याच्या उलट दुरुस्त करायला बघते. मोड २ मध्ये ती पॅन ज्या दिशेला चाललाय ती दिशा मोकळी सोडते आणि फक्त वरखाली होणारा हात धरते. म्हणजे वरखालीचं लेन्सकडं, डावंउजवं आपल्याकडं. हा हिशोब डोक्यात पक्का बसला पाहिजे, कारण पॅनिंगसाठी एवढी चांगली लेन्स घेतली आता फोटो आपोआप येतील असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही, निम्मं काम ती करते आणि निम्मं तिला करताच येत नाही.

मी पहिल्या दिवशी स्विच मोड १ वरच होतं ते बघितलंच नाही. विजापूर रोडला संभाजी तलावाच्या बाजूला फुटपाथवर उभारलो सकाळी सातला, समोर झाडं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या. दोनशे दहा फ्रेम काढल्या, ठेवण्यासारख्या चार. व्ह्यूफाइंडरमध्ये गाडी मध्येच थोडी अडकल्यासारखी व्हायची, मग एकदम पुढं सरकायची, मला वाटलं फोकसचा प्रॉब्लेम. घरी येऊन लेन्स टेबलवर ठेवली तेव्हा स्विच दिसलं. दुसऱ्या दिवशी तीच जागा तीच वेळ, मोड २, दीडशे फ्रेममध्ये एकोणीस. एवढा फरक एका स्विचचा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, बटण अर्ध दाबल्याबरोबर आयएस स्थिर होत नाही, साधारण एक सेकंद लागतो. गाडी समोर आली की कॅमेरा उचलायचा ही सवय मोडायलाच लागते. गाडी लांब असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये घ्यायची, बटण अर्ध दाबून तिच्याबरोबर चालायचं, आणि ती समोर येईपर्यंत लेन्स, फोकस आणि तुमचं अंग तिन्ही तिच्या स्पीडला आलेलं असतं.

अंगाचं सांगतो, कारण इथंच बहुतेक जण चुकतात आणि लेन्सला नावं ठेवतात. पाय कुठं ठेवायचे? गाडी येते तिकडं नाही. जिथं फोटो काढायचाय त्या जागेकडं दोन्ही पावलं करायची, खांद्याएवढं अंतर ठेवून, आणि मग कमरेतून गाडी येते त्या बाजूला वळून थांबायचं. गाडी आली की कंबर उलगडत जाते आणि बरोबर समोर आली तेव्हा अंग सगळ्यात मोकळं असतं. उलट केलं, म्हणजे पावलंच गाडी येते तिकडं ठेवली, तर समोर येईपर्यंत पीळ बसलेला असतो आणि नेमका त्याच क्षणाला झटका बसतो. कोपरं बरगड्यांना टेकलेली, डावा हात लेन्सच्या खाली. नुसते हात फिरवायचे नाहीत, कमरेपासून वरचं सगळं एकत्र फिरलं पाहिजे. आणि फोटो निघाला तरी थांबायचं नाही, बॉलर बॉल सुटल्यावर जसा पुढं जातोच तसं फिरतच राहायचं. मी सुरुवातीला शटरचा आवाज आला की थांबत होतो आणि सलग काढलेल्या प्रत्येक बर्स्टची शेवटची फ्रेम खराब, का होतंय ते कळायला चार रविवार गेले.

भाच्याला घेऊन गेलो होतो मधे, जुळे सोलापूरच्या बाजूला एक रिकामा रस्ता आहे नवीन प्लॉटिंगचा, तिथं त्याला ॲक्टिव्हावर एकसारखं जा-ये करायला लावलं. पोरगं विचारतंय, "मामा, जोरात मारू का?" म्हणलं जोरात नको रे, चाळीसला धर आणि धरूनच ठेव, माझ्याकडं बघू नको. स्पीड एकसारखा असला की हाताला लय सापडते, हे खरंच आहे, ट्रॅफिकमध्ये प्रत्येक गाडी वेगळ्या स्पीडने येते त्यामुळं दर वेळी नव्याने जुळवायला लागतं. तासाभरात त्याच्या हेल्मेटवरचं स्टिकर वाचता यायला लागलं, १/६० ला. सराव करणार असाल तर असं कुणीतरी घरचं माणूस धरा आणि रस्ता खरंच रिकामा बघा.

आणि एसटी. एसटीवर सराव करावा असं मी सगळ्यांना सांगतो. लालपरीच्या अंगावर अक्षरं असतात, ती वाचता आली की पॅन जमलं, नाही आली की नाही जमलं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून लगेच समजतं. एसटीने मला अजून एक शिकवलं. बसच्या मधली अक्षरं शार्प यायची आणि ड्रायव्हरची खिडकी आणि मागची शिडी दोन्ही पुसट. मला वाटलं लेन्सच्या कडा सॉफ्ट आहेत. तसं नाही. बस लांब असते, तिचं पुढचं टोक, मधलं आणि मागचं टोक तुमच्यापासून वेगवेगळ्या अंतरावर आणि वेगळ्या कोनात असतात, त्यामुळं प्रत्येक भाग तुमच्या नजरेसमोरून वेगळ्या वेगाने सरकतो, आणि कॅमेरा तर एकाच वेगाने फिरतोय. ज्या भागाशी तुमचा वेग जुळला तो शार्प. म्हणून गाडी तिरकी येत असेल तर नाक शार्प आणि शेपूट गेलेली असा फोटो येतो, तो चुकीचा नाही, पण आपल्याला काय शार्प पाहिजे ते आधी ठरवायला लागतं. रेसच्या गाडीत माझं ठरलेलं आहे, ड्रायव्हरचं हेल्मेट. फोकस पॉइंट तिथंच, एआय सर्वोवर, म्हणजे हलत्या वस्तूवर फोकस धरून ठेवणाऱ्या मोडवर. ८०डीला ४५ फोकस पॉइंट आहेत पण मी मधला एकच वापरतो.

शटर किती ठेवायचं हे सगळ्यात जास्त विचारलं जातं तर हिशोब करूनच सांगतो. समजा गाडी ताशी १५० ने चाललीय, म्हणजे सेकंदाला साधारण ४२ मीटर. १/१००० ला ती फ्रेम उघडी असताना जेमतेम ४ सेंटिमीटर सरकते. चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटर धरला तर चाक फिरलंच नाही म्हणा, आरे जसेच्या तसे दिसतात, गाडी पार्क केल्यासारखी. १/१२५ ला ३३ सेंटिमीटर, चाक साधारण फेरीचा पाचवा हिस्सा फिरतं, आरे एकमेकांत मिसळायला लागतात. १/६० ला जवळपास ७० सेंटिमीटर. आता हीच गाडी वळणावर ८० ला आली तर १/१२५ ला ती फक्त १८ सेंटिमीटर जाणार, म्हणजे सरळ रस्त्यावर जो पळता फोटो आला तो वळणावर त्याच शटरला येणार नाही, तिथं १/६० ला जायलाच पाहिजे. गाडी हळू तर शटर पण हळू. शिकताना १/२५० पासून सुरू करा, दहात सहा-सात शार्प यायला लागले की एक पायरी खाली. मी आता दिवसाची सुरुवात १/२५० ला वीस-पंचवीस फ्रेम काढून करतो, त्या घरी नेण्यापुरत्या झाल्या की मग १/१२५, आणि शेवटी १/६०. त्याच्या खाली या लेन्सवर मला अजून तरी भरवशाचं काही मिळालेलं नाही, १/३० ला पन्नासात एखादी.

मागच्या वेळेला कोईमतूरला गेलो होतो, करी मोटर स्पीडवे. आपल्या सोलापूरवरून थेट गाडी आहे, कुर्ल्याहून येणारी कोईमतूर एक्स्प्रेस, बदलायची भानगड नाही, डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतली आणि निघालो. ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, ज्यांनी फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या, आणि याच कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला आपला पहिला माणूस. ट्रॅक छोटा असल्यामुळं तीच गाडी परत परत येते, पॅनिंग शिकणाऱ्याला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. चार-सव्वाचार मीटरची गाडी, तीस मीटरवरून माझ्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर झूम १३५ मिमीच्या आसपास ठेवली की फ्रेम भरते. साठ मीटरवर गेलात तर २०० ला फ्रेमची रुंदी ६.७ मीटर होते, गाडीच्या पुढं मोकळी जागा ठेवायला ते बरोबर बसतं. त्याच्या लांब उभारलात तर ही लेन्स कमी पडते, हे स्पष्ट सांगतो, पुढच्या वेळी ७०-३०० भाड्याने नेऊन बघणार आहे.

फॉर्म्युला एलजीबी ४ च्या गाड्या आल्या तेव्हा अंगावर काटा आला. उघड्या चाकांच्या बुटक्या गाड्या, ड्रायव्हरचं डोकं बाहेर. जाळीच्या मागून काढत होतो. जाळीची भीती वाटत होती पण लेन्स जाळीला जितकी जवळ आणि गाडी जितकी लांब तितकी जाळी विरघळते, वरून पॅनिंगमुळं तार अजून पुसली जाते, फक्त सगळ्या फोटोवर एक फिकट पडदा राहतो, तो नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून घालवला. एक फ्रेम आहे १/१२५ ची, निळं हेल्मेट, व्हायझरच्या खालच्या कडेला चिकटवलेली पट्टी, तिचं एक टोक सुटून उडतंय ते दिसतं. टायरवरच्या पांढऱ्या अक्षरांची सलग गोल रेघ झालेली. मागं लोकांचे शर्ट नि छत्र्या यांचे नुसते रंगाचे पट्टे. ती एक फ्रेम बघून लेन्सचे पैसे वसूल झाले असं मी घरी सांगितलं आणि मला अजूनही तसंच वाटतं.

पट्ट्यांवरून आठवलं, मागं काय आहे ते गाडीइतकंच महत्त्वाचं. मोकळं आकाश किंवा एकरंगी भिंत असेल तर कितीही सुंदर पॅन करा, वेग दिसतच नाही, कारण वाहायला काही नाही. झाडं, माणसं, रंगीत बोर्ड, यांच्यातून पट्टे येतात. करीला मी पहिला तास एका जागी घालवला तिथं मागं फक्त आभाळ होतं, फोटो शार्प आले आणि सगळे मेलेले. आणि जागा निवडता आली तर वळणाच्या आतल्या बाजूला थांबा, तिथं गाडी बराच वेळ तुमच्यापासून सारख्याच अंतरावर राहते, वर एसटीचं सांगितलं तो त्रास तिथं कमी होतो. हे मला होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत कळलेलं, गोल फिरणाऱ्या पाळण्याच्या बाहेर उभारून काढलं की बरोबर समोर आलेलं एकच पोर शार्प मिळायचं, बाकीचे गेले. रात्री तिथं दिव्यांच्या रेघा मात्र फार सुंदर आल्या, आणि तिथं अंधारात एफ/४ कमी पडलं नाही, कारण शटर हळूच ठेवायचं होतं.

आता अडचणी. पहिली उन्हाची, वर सांगितलं तसं १/६० ला एफ/२२. एवढं बारीक केलं की डिफ्रॅक्शनमुळं, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरतो त्यामुळं, फोटो मऊ पडतो, आणि सेन्सरवरची धूळ दिसायला लागते. ही धूळ पॅनिंगमध्ये फार वाईट दिसते, कारण मागचं सगळं वाहतंय आणि हे काळे ठिपके मात्र जागच्या जागी गोल. उन्हाळ्यात आपल्याकडं धूळ किती असते ते सांगायला नको, मी विजापूर रोडचे चाळीस फोटो एकेक ठिपका पुसत बसलो होतो. उपाय एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच. हिला ६७ मिमीचा बसतो. एनडी ८ लावला की तीन स्टॉप कमी होतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एफ/२२ चं एफ/८ होतं, तिथं ही लेन्स एकदम मस्त शार्प आहे. फोकस अडला नाही, व्ह्यूफाइंडर थोडा काळवंडतो तेवढंच. सुरुवातीलाच एनडी आणि पोलरायझर दोन्ही फिल्टर घेणं जमत नसेल तर पोलरायझर घ्या, दीड-दोन स्टॉप त्यातच जातात आणि काचेवरची, बॉनेटवरची चकाकी पण कमी होते.

दुसरी, ट्रायपॉड कॉलर, म्हणजे लेन्स स्टँडला जोडायचं कडं, हिच्याबरोबर येत नाही, वेगळी घ्यायला लागते. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, वापरणाऱ्यांनी हा खर्च धरून चला. मी हातानेच काढतो, पण पूर्ण दिवस उभं राहायचं असेल तर मोनोपॉड बरा पडतो, वरखालीचं त्यातच निम्मं सुटतं. तिसरी, रंग. पांढरी लेन्स बघून लोक थांबतात, विचारतात प्रेसवाले का. संभाजी तलावाला एका आजोबांनी गाडी थांबवून विचारलं की रस्ता रुंद करणार आहेत का. मी त्यांना फोटो दाखवले, त्यांना त्यांच्याच लुनाचा पाहिजे होता, परत एकदा गेले समोरून आणि मी काढला. चांगला आला.

फायद्यात एक राहिलं. झूम केली तरी हिची लांबी वाढत नाही, आत काय ते आतच सरकतं. गाडी लांबून जवळ येताना पॅन करता करता झूम मागं घेतली तरी डाव्या हातावरचा तोल बदलत नाही. आधी माझ्याकडं साधी पुढं येणारी किट टेलिफोटो होती, तिच्यात हा झोक जायचा. आणि फोकस लिमिटरचं स्विच आहे, ३ मीटर ते अनंत, ते लावून ठेवा म्हणजे जाळीच्या तारेवर फोकस जायचा धोका कमी होतो.

सेकंडहँड घेणार असाल तर आधी हे बघा की ती आयएसवालीच आहे. अगदी अशीच दिसणारी, आयएस नसलेली एफ/४ पण आहे, ती स्वस्त मिळते आणि विकणारे कधी कधी नाव अर्धवट सांगतात. स्टॅबिलायझरचं स्विचच नसेल तर ती दुसरी. मग दुकानातच कॅमेऱ्याला लावा, बटण अर्ध दाबा, कान जवळ न्या, आत बारीक घरघर ऐकू आली पाहिजे. मागून टॉर्च मारून काचा बघा, विशेषतः लेन्स मुंबई-कोकणाकडून आलेली असेल तर बुरशी असू शकते, आपल्याकडची कोरडी हवा त्या बाबतीत बरी. हूड घट्ट बसतंय का बघा, माझं सैल निघालं, घेताना हे सांगितलेलं नव्हतं, आता रबर बँड लावून चालवतोय. आणि तिथंच दुकानाच्या दारात उभारून मोड २ लावा, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षा १/६० ला पाच-दहा काढून बघा, रिक्षाच्या मागची अक्षरं वरखाली डबल झालेली दिसली तर आयएसमध्ये गडबड असायची शक्यता आहे, आडवी डबल दिसली तर लेन्स ठीक आहे, घ्या.